मोटारीचे चौथे वर्ष

आपल्या देशात मोटारीच्या विम्याचा जो सर्वमान्य मसुदा आहे, त्यात एक लहानसे कोष्टक असते, आणि नव्या मोटारीची किल्ली हाती घेण्याच्या आनंदात बहुतेकांनी ते कधी वाचलेले नसते. मोटार सहा महिन्यांहून जुनी नसेल तर तिच्या जाहीर किमतीतून 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीन वर्षांपर्यंत 30, चार वर्षांपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के घसारा वजा करून जी रक्कम उरेल, तेच तिचे विम्यापुरते मूल्य समजावे, असा त्या कोष्टकाचा आशय. साठ लाखांची मोटार चौथ्या वर्षात छत्तीस लाखांची उरते. हे चौथे वर्ष आणखी काही कारणांनीही निर्णायक ठरते. अनेक कारखानदारांची मूळ हमी तीन वर्षांनी संपते, पहिले टायर झिजत आलेले असतात, बॅटरीचा जोर ओसरू लागतो, आणि चाकांच्या सांध्यांमधील रबरी बुश कडक होऊन आजवर गप्प असलेली गाडी खड्ड्याखड्ड्यांतून बोलू लागते. म्हणून मला असे वाटते, की आरामशीर आणि भरवशाची सेडान घेऊ इच्छिणाऱ्या माणसाने पहिल्या दिवसाच्या झगमगाटाकडे पाहून नव्हे, तर या चौथ्या वर्षाकडे दृष्टी ठेवून आपला निर्णय करावा. कारण पहिल्या वर्षी सगळ्याच महागड्या मोटारी सुखद असतात.

ज्या वर्गाविषयी येथे लिहावयाचे आहे, तो म्हणजे मध्यम आकाराच्या उंची सेडानांचा वर्ग. टोलेजंग, राजेशाही मोटारींच्या एक पायरी खालचा आणि रोजच्या बाजारातील गाड्यांहून बराच वरचा. मर्सिडीझची ई-क्लास आणि लेक्ससची ईएस ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत, आणि टोयोटाची कॅम्री या वर्गाच्या उंबरठ्यावर उभी आहे. महाराष्ट्राचा या वर्गाशी संबंध निकटचा आहे. मर्सिडीझने 1994 साली आपल्याकडे कंपनी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी टेल्कोच्या पिंपरीच्या आवारातून ई-क्लास बाहेर पडू लागली. 2009 पासून ते काम चाकणला चालते. लेक्सस ईएस आणि कॅम्री यांची जुळणी कर्नाटकात बंगळूरजवळ बिडदी येथे होत आली आहे.

आधी आराम म्हणजे काय, याचा विचार करू. आमच्या भावोजींच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांच्यासाठी मोटार शोधण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने हा प्रश्न मला प्रथमच मुळापासून अभ्यासावा लागला. गादी मऊ असली की आराम मिळतो, ही समजूत अपुरी आहे. मनुष्याचा देह उभ्या दिशेने होणाऱ्या कंपनांपैकी सेकंदाला 4 ते 8 या गतीच्या कंपनांनी सर्वांत अधिक त्रासतो, कारण पोटातील अवयव आणि कणा हे त्याच सुमारास अनुनादाने हलू लागतात. उलटपक्षी, सेकंदाला अर्ध्याहूनही मंद हेलकावे नावेप्रमाणे मळमळ उत्पन्न करतात. या दोन संकटांच्या मधून वाट काढण्यासाठी अभियंते मोटारीच्या स्प्रिंगा अशा बेताने निवडतात, की गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली व्हावा: पाळण्याच्या झोक्याहून द्रुत आणि माणसाच्या चालीच्या ठेक्याहून मंद. स्प्रिंगने धक्का झेलायचा आणि शॉकॲब्सॉर्बरने त्या झोक्याची पुनरावृत्ती थोपवायची, अशी ही श्रमविभागणी आहे. शॉकॲब्सॉर्बर थकला म्हणजे गाडी अधिक मऊ झाल्यासारखी भासते, आणि पुष्कळ मालक त्या आजारालाच सुख समजून बसतात.

यानंतर येतो टायर. 215/55 आर 17 या अक्षरांचा अर्थ असा, की टायरची रुंदी 215 मिलिमीटर आणि त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के, म्हणजे सुमारे 118 मिलिमीटर. तर 245/40 आर 19 या टायरची भिंत अवघी 98 मिलिमीटर भरते. दोहोंचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच. परंतु दुसऱ्यात धातूचा भाग वाढला आणि हवेची उशी वीस मिलिमीटरने कमी झाली. मोठी, चकाकती चाके छायाचित्रात शोभतात, हे खरे. पण पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर कणा सांभाळते ती हवेची उशीच, आणि खड्ड्याच्या काठाने टायरची भिंत फाटून रिमही वाकण्याचा प्रसंग बुटक्या टायरवर अधिक लवकर ओढवतो. यास्तव एकाच मोटारीचे दोन प्रकार समोर असतील तर लहान चाकांचा प्रकार घ्यावा, हा माझा निःशंक सल्ला आहे.

पुढील आणि मागील चाकांमधील अंतर हा आरामाचा तिसरा आधार होय. हे अंतर जितके अधिक, तितका उंचवटा ओलांडताना गाडीचा कल कमी, आणि मागे बसणारा मनुष्य मागल्या चाकाच्या माथ्यावर न बसता त्याच्या पुष्कळ पुढे बसतो. ज्या देशात मालक बहुधा मागे बसतो, तेथे याचे मोल विशेष. ते ओळखूनच 2017 साली चाकणहून जी लांब ई-क्लास निघाली, तिच्या दोन चाकांतील अंतर 3079 मिलिमीटर, म्हणजे मूळ गाडीहून 140 मिलिमीटर अधिक होते. 2018 साली आलेल्या लेक्सस ईएसमध्ये हे अंतर 2870 मिलिमीटर आहे. परंतु प्रत्येक सुखाची काही किंमत असते. लांब गाडीचे पोट उंच गतिरोधकावर घासते. तेव्हा परीक्षेसाठी मोटार मिळाली की एकट्याने गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नये. घरची चार माणसे आणि डिक्कीत सामान घेऊन आपल्याच गल्लीतील गतिरोधक ओलांडून पाहावा; द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर शंभराच्या वेगाने जाताना मागच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते का, ते पाहावे; आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला दोनदा बसवून दोनदा उतरवावे. सेडानची बैठक खाली असते. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना ती गाडी कितीही मऊ असली तरी प्रत्येक उतरणे ही शिक्षा होऊ शकते, आणि हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

आराम असा तासाभरात पारखता येतो. भरवसा मात्र कालाच्याच कसोटीवर उतरतो, आणि म्हणून तो इतिहासात शोधावा लागतो. ग्रीस देशातील थेसालोनिकी शहराच्या एका टॅक्सीवाल्याने 1976 सालची मर्सिडीझ 240 डी ही मोटार तब्बल 46 लाख किलोमीटर चालवली, आणि 2004 साली ती कारखान्याच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. ही कथा सांगणारे पुष्कळदा एवढेच सांगतात, की पूर्वीच्या मोटारी अमर होत्या. पण त्या माणसाने ती मोटार घेतली तीच मुळी जुनी, दोन लाखांहून अधिक किलोमीटर चाललेली, आणि तिची इंजिने आलटूनपालटून उतरवून, दुरुस्त करून, पुन्हा चढवीत तो इतका पल्ला गाठू शकला. भरवसा कारखान्यात जन्मतो खरा. तो वाढतो मात्र मालकाच्या हातात. उलट प्रकारचा दाखलाही त्याच घराण्यात सापडतो. पिंपरीत प्रथम जुळलेली ई-क्लास ज्या पिढीची, ती डब्ल्यू 124 ही पिढी मजबुतीसाठी आजही आदराने आठवली जाते. तथापि 1990 नंतरच्या काही वर्षांत तिच्या अनेक इंजिनांवरील तारांना जे नव्या द्रव्याचे वेष्टण दिले गेले, ते उष्णतेने ठिसूळ होऊन गळू लागले आणि मालकांना ती संपूर्ण वायरिंग बदलावी लागली. कंपनीचे नाव तेच, गाडीचे नाव तेच, परंतु वर्ष निराळे. म्हणून खरेदीदाराने कंपनीची कीर्ती ऐकून थांबू नये. कोणती पिढी, कोणते इंजिन, कोणते वर्ष, एवढ्या खोलवर चौकशी न्यावी. शक्य असल्यास कोणत्याही नव्या पिढीचे पहिले वर्ष टाळून तिसऱ्या-चौथ्या वर्षाची, दोष निवारून स्थिरावलेली गाडी घ्यावी.

जपानी परंपरेने हा भरवसा निराळ्या मार्गाने साधला. 1983 साली टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी जगातील उत्तमोत्तम मोटारींशी बरोबरी करणारी मोटार घडवण्याचा प्रश्न आपल्या सहकाऱ्यांपुढे ठेवला, आणि त्यातून 1989 साली अमेरिकेच्या बाजारात लेक्ससच्या दोन गाड्या आल्या: मोठी एलएस 400 आणि मध्यम आकाराची ईएस 250. ही ईएस टोयोटाच्या सर्वसामान्य कॅम्रीच्या पायावर उभी होती. काहींना हे कमीपणाचे वाटले; मला मात्र तिच्या दीर्घायुष्याचे मूळ त्यातच दिसते. जो गिअरबॉक्स, जो पंप, जो सांधा लक्षावधी कुटुंबांच्या गाड्यांतून रोज राबतो, त्यातील उणिवा लवकर उघड होतात आणि लवकर दुरुस्त होतात, त्याचा सुटा भागही सहज मिळतो. ज्या यंत्रणा थोड्याच श्रीमंतांच्या गाड्यांतून असतात, त्यांची परीक्षा मात्र त्या श्रीमंतांनाच आपल्या खर्चाने द्यावी लागते. त्याच 1989 च्या डिसेंबरात एलएस 400 मध्ये काही किरकोळ दोष आढळले, तेव्हा कंपनीने सुमारे 8,000 मोटारी स्वतःहून परत मागवल्या, मालकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊनपुसून, टाकी भरून परत पोहोचवल्या. निर्दोष यंत्र ही कल्पनाच होय; दोष निघाल्यावर गिऱ्हाइकाला कसे वागवले जाते, यावर भरवशाचा अर्धा भाग अवलंबून असतो.

2018 साली आलेल्या सातव्या पिढीतील ईएस 300 एच आणि तिची बहीण कॅम्री यांच्यात जी संकरित यंत्रणा आहे, ती समजून घेण्याजोगी आहे. त्यात 2.5 लिटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असते आणि पेट्रोलमधील उष्णतेपैकी 41 टक्क्यांपर्यंत उष्णतेचे ते कार्यात रूपांतर करू शकते. त्याच्या जोडीला दोन विद्युत्‌यंत्रे असून, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशा रचनेच्या एका दंतचक्राने ही तिन्ही जोडलेली असतात. एक यंत्र मुख्यतः वीज निर्माण करते आणि इंजिन चालूही करते. दुसरे चाके फिरवते आणि ब्रेक लावताना तीच चाके त्याला फिरवून वीज परत देतात. फलतः या गाडीत क्लच नाही, पट्टा नाही, निराळा स्टार्टर नाही, निराळा अल्टरनेटर नाही, एकामागून एक बदलणारे गिअरही नाहीत. जे नाही, ते बिघडत नाही. शहराच्या गर्दीत गाडी पुष्कळ वेळ विजेवरच सरकते म्हणून शांत राहते, आणि वेग आवरण्याचे बरेचसे काम वीज करत असल्यामुळे ब्रेकचे पॅड साध्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक टिकतात.

तथापि या यंत्रणेचेही काही पथ्य आहे आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मागील आसनाच्या बुडाशी एक लहानशी जाळी असते; तिच्यातून गाडीच्या आतील थंड हवा ओढून आसनाखालची मोठी बॅटरी थंड राखली जाते. भावोजींच्या एका स्नेह्यांच्या गाडीतला पंखा अकारण घोंघावत असे. जाळी काढून पाहिली, तर धूळ, शालीचे लोकरीचे तंतू आणि घरच्या कुत्र्याचे केस यांची नमद्यासारखी घट्ट घडी तेथे बसलेली. ती काढण्यास दहा मिनिटे लागली. न काढता वर्षानुवर्षे तशीच राहिली असती तर तापलेल्या बॅटरीचे आयुष्य त्याच मानाने घटले असते. आपल्या धुळीच्या प्रदेशात प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी ती जाळी साफ करवून घ्यावी आणि तिच्यापुढे पिशव्या, चादरी ठेवू नयेत.

आता पैशांचा हिशेब. 2025 च्या सप्टेंबरपासून मोठ्या मोटारींवर 40 टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल मोटार व्यक्तीच्या नावे घेतली तर 13 टक्के, डिझेल असल्यास 15 टक्के आणि कंपनीच्या नावे घेतल्यास 20 टक्के वाहनकर सरकारजमा होतो. हा पैसा मोटार विकताना वेगळा परत येत नाही. म्हणून जो मनुष्य दर तीन वर्षांनी गाडी बदलतो, तो घसारा आणि कर ही दोन्ही ओझी पुनःपुन्हा उचलतो. जो दहा वर्षे ठेवतो किंवा चौथ्या वर्षातील गाडी पारखून घेतो, त्याच्यावर ती एकदाच, आणि हलकी होऊन पडतात. नवीच घ्यावयाची असेल, तर शोरूममध्ये शिरण्यापूर्वी त्याच आवारातील सर्व्हिस खात्यात जाऊन साठ हजार किलोमीटरच्या सर्व्हिसचा, चार शॉकॲब्सॉर्बरांचा, समोरच्या एका दिव्याचा आणि चार टायरांचा छापील भाव मागून घ्यावा. आधुनिक उंची मोटारीचा एलईडीचा एक दिवा किती महाग पडतो, हे ऐकून पुष्कळांना विस्मय वाटेल. हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी असेल, तर त्या फुग्यांचाही भाव विचारावा, कारण रबर आहे तेथे वार्धक्य आहे. विम्यात रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मी वजावट होते, ती टाळण्याची जोडकलमे घ्यावी, आणि आपल्या पावसात इंजिनाच्या संरक्षणाचे कलम तर अवश्य घ्यावे. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू करण्याचा मोह घातक आहे. सिलिंडरात शिरलेले पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही, म्हणून दट्ट्याचा दांडा वाकतो आणि इंजिन कायमचे निकामी होते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी बुडाल्या. अशा पुरांनंतर बुडालेल्या गाड्या धुऊनसजवून दूरच्या शहरांत विकल्या जातात, हे जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये. भावोजींसाठी आम्ही एका दलालाकडे जी पहिली गाडी पाहिली, ती चार वर्षांची, दिसायला निष्कलंक, आत अत्तराचा दरवळ. बरोबर नाना पेठेतील एक वयस्क मेकॅनिक आले होते. त्यांनी इंजिनाचे झाकण उघडण्याआधी मागचे दार उघडले आणि आसनाचा पट्टा अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. पहिला हातभर पट्टा स्वच्छ होता. त्यापुढे, एरवी गुंडाळलेला राहणाऱ्या भागावर, तपकिरी चिखलाची एक सरळ रेघ उमटलेली होती. ते हळूच म्हणाले, "साहेब, अत्तर पुढच्या माणसासाठी असतं, पट्टा मागचं सगळं सांगतो." पट्टा नवा बसवलेला असता, तर त्याच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवरच्या तारखेनेच ते उघड केले असते. टायरच्या भिंतीवरील चार अंकही असेच बोलतात: 3522 म्हणजे 2022 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेली म्हणून सांगितलेल्या गाडीला चारही टायर अगदी नवे असले, तर मीटरवरील आकड्याविषयी शंका घेण्यास तेवढे कारण पुरेसे होते. आम्ही ती गाडी सोडून दिली आणि दीड महिना थांबलो.

कागदपत्रांची शिस्तही यंत्राच्या पारखीइतकीच आवश्यक आहे. नोंदणीच्या दाखल्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि नमुना 35 घेऊन तो उतरवल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरासाठी नमुना 29 आणि 30 भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत ही गोष्ट परिवहन कार्यालयास कळवावी, असा कायदा आहे. नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी दप्तरी नोंदलेल्या मालकावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा ताबा देऊन कागद मागाहून करू, ही सौजन्याची रीत दोन्ही पक्षांना धोक्याची आहे.

शेवटी जी गाडी आम्ही घेतली, ती साधी दिसणारी, करड्या रंगाची, चौथ्या वर्षातील संकरित सेडान होती. तिच्या मालकीणबाईंनी किल्लीबरोबर एक वही पुढे केली. पानापानावर तारीख, किलोमीटर, तेल कोणते घातले, टायर कधी फिरवले, बॅटरीची जाळी कधी साफ केली, सगळे एकाच निळ्या शाईने लिहिलेले. मेकॅनिकनी गाडीला फेरी मारण्याआधी ती वही वाचली, आणि वाचून झाल्यावर इंजिनाचे झाकण केवळ रीतसर म्हणून उघडले. भावोजी आता सात वर्षे त्याच मोटारीतून ताईंना घेऊन पुण्याहून सोलापूरला जातात. अडीचशे किलोमीटरनंतर कमरेला हात न लावता उतरतात. आणि घरी पोहोचल्यावर चहाआधी त्या बाईंच्या वहीत, त्यांच्या अक्षराखाली, त्या दिवसाची नोंद करतात.